पहिल्या रेषेआधीचा कागद

गेल्या महिन्यात एका तरुण चित्रकाराचा फोन आला. एका शिक्षणसंस्थेने त्याच्याकडे दिवंगत संस्थापकांच्या तैलचित्राचे काम दिले होते. आधाराला एकच फोटो, तोही ओळखपत्रावरचा. चित्र पूर्ण झाले आणि मते सुरू झाली. मुलीला नजर करडी वाटली, जुन्या शिक्षकांना ओठ हसरे वाटले, विश्वस्तांना केस आणखी काळे हवे होते. चार वेळा चेहरा खरवडून पुन्हा रंगवला. उरलेले पैसे अजून मिळालेले नाहीत.

त्याच्या हातात कसब आहे, पण चित्र पसंत करण्याचा शेवटचा शब्द कोणाचा, हे त्याने आधी विचारलेच नव्हते.

आपल्याकडची पोर्ट्रेटची बरीच कामे अशी गेलेल्या माणसांची असतात. ती दुय्यम समजू नयेत. पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन चित्रे आहेत, एक नेहमीच्या वेशातले, दुसरे स्त्रीभूमिकेतले. सभागृहात लागणारे चित्र कोणत्या उंचीला जाऊ शकते, हे तिथे उभे राहून पाहावे. गेलेल्या माणसाचा फोटो अपुरा असेल तर त्याच्या घरी जाऊन बसा. चष्मा, टोपी, कोट मागून घ्या. चष्म्याची वाकलेली दांडी मान कोणत्या बाजूला कलत होती हे सांगून जाते. भाऊ किंवा मुलगा असेल तर त्याला फोटोतल्याच प्रकाशात बसवा. कपाळाची ठेवण, कानाची पाळी, गालाच्या हाडावरचा उजेड तिथे सापडतो. फोटोत त्या जागी नुसता काळा डाग असतो.

हयात माणसाचे काम असेल तर सिटिंगचा आग्रह सोडू नका. दोन फुटांवरून काढलेल्या मोबाइलच्या फोटोत नाक पुढे येते आणि कान मागे जातात. फोटो घ्यायचाच तर सात-आठ फुटांवरून, खिडकीच्या एकाच बाजूच्या उजेडात घ्या.

आता कागदाविषयी. 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 17 आपल्यातल्या फार थोड्यांनी वाचले आहे. कोणाच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन व्यक्तिचित्र काढले, तर वेगळा करार नसल्यास त्याचा कॉपीराइट काम सांगणाऱ्याकडे जातो. म्हणजे तुमच्याच चित्राचे कॅलेंडर छापायचे तर परवानगी तुम्हाला मागावी लागेल. चित्राचा कर्ता म्हणून नाव लावण्याचा हक्क मात्र कलम 57 नुसार तुमचाच राहतो. कॉपीराइट असा हातून जाणे मला अन्यायाचे वाटते, पण उपाय कायद्यातच दिला आहे: लेखी करार करा.

त्यात आकार, आगाऊ रक्कम, हप्ते, पसंती देणाऱ्या एकाच व्यक्तीचे नाव, किती दुरुस्त्या आणि कोणत्या टप्प्यावर, हे सगळे यावे. दुरुस्ती कोळशाच्या आराखड्यावर सांगावी, ओल्या रंगावर नाही. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. पुण्यतिथीला अनावरण ठरलेले असते आणि रंग अजून आतून ओला असतो. अखेरचे वार्निश सहा महिने ते वर्षभराने, चित्रकारानेच येऊन लावायचे, हेही लिहून ठेवा. समोरच्या खिडकीचे ऊन चित्रावर येते का, हे भिंत ठरवतानाच पाहा.

ज्यांनी असे करार केले आहेत, त्यांनी ग्राहकाचे नाव झाकून कराराची प्रत आमच्याकडे पाठवावी. त्यांतून एक सोपा मराठी मसुदा आम्हाला तयार करायचा आहे.