टोमण्याने वजन उतरत नाही

लग्नाच्या पंगतीत, हळदीकुंकवाला, ऑफिसच्या लिफ्टमध्ये, कुठेही एक वाक्य बिनदिक्कत बोलता येतं : ‘काय गं, चांगलीच सुटलीस की!’ पगार विचारताना आपण निदान आवाज तरी खाली आणतो. वजनाला तेवढीही सवलत नाही. हटकलंच तर उत्तर तयार असतं. ‘तुझ्या भल्यासाठीच सांगते. टोचल्याशिवाय माणूस हलत नाही.’

हा पूर्वपक्ष हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तो फक्त खवचट नातेवाइकांचा नाही. जिमच्या फलकावर ‘आधी’ आणि ‘नंतर’ असे दोन फोटो असतात आणि ‘आधी’च्या फोटोतला माणूस मुद्दाम केविलवाणा उभा केलेला असतो. त्यातलं म्हणणं हेच. कित्येक डॉक्टरांचं हेच. आणि सगळ्यात जास्त निष्ठेने ते मानतो तो स्वतः जाड माणूस. स्वतःचा तिटकारा आला की जिद्द येते, जिद्द आली की किलो उतरतात आणि किलो उतरले की आत्मविश्वास येतो, अशी ही साखळी. तिची पहिलीच कडी तुटकी आहे.

अमेरिकेत सहा हजारांहून अधिक प्रौढांचा चार वर्षं मागोवा घेऊन 2013 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या ज्या लोकांना वजनावरून भेदभाव सोसावा लागला होता, ते पुढे लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे अडीच पट निघाली. भेदभावामुळेच वजन वाढलं, असं एवढ्यावरून सिद्ध होत नाही, हे मान्य. पण टोचण्याने माणूस बारीक होतो असं म्हणणाऱ्यांच्या पदरात यातून काय पडतं? काहीच नाही, काटा उलट्या दिशेला गेलेला दिसतो.

का, हेही बऱ्यापैकी ठाऊक आहे. 1975 साली हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी काही तरुणींना आधी मिल्कशेक दिला आणि मग पुढ्यात आइस्क्रीम ठेवलं. एरवी खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्लं. सतत स्वतःला आवरणाऱ्या मुलींनी उलट जास्त खाल्लं. आपल्याकडे हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही, दिवाळी पुरते. दोन चकल्यांनंतर ‘झालं, मोडलंच सगळं’ असं मनात आलं की डबा तळापर्यंत जातो. चकलीत उष्मांक असतातच, पण डबा संपवला तो ‘मोडलंच’ या निकालाने. ज्याला स्वतःचा राग नाही, तो दोन चकल्या खातो आणि रात्री नेहमीसारखं जेवतो.

‘पण जिद्दच नाही’ हा पुढचा वार. त्याचं उत्तर गेल्या काही वर्षांत औषधांनीच देऊन टाकलं आहे. सेमाग्लुटाइड हे आठवड्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ते घेणाऱ्यांचं वजन 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्क्यांच्या आसपास उतरलं. ते बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोनतृतीयांश परत आलं. आता सांगा, इंजेक्शनमध्ये जिद्द होती का? आणि बंद केल्यावर माणसं पुन्हा आळशी झाली? भूक हा बऱ्याच अंशी संप्रेरकांचा कारभार आहे, आणि आपण त्याला चारित्र्याचा दाखला समजत आलो. (हे इंजेक्शन सर्वांनी घ्यावं असं मी सुचवत नाही, तो ज्याच्या-त्याच्या डॉक्टरचा प्रश्न.)

दुसऱ्याच्या देहाकडे बघून त्याच्या तब्येतीचा निकाल देणाऱ्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा एक फोटो जरूर पाहावा. 2004 साली ‘लॅन्सेट’मध्ये तो छापून आला. शेजारी उभे आहेत त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन यडकिन. दोघांचाही बीएमआय 22.3, अगदी दशांशापर्यंत सारखा. शरीरातली चरबी मात्र यडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2. म्हणजे पंगतीत ज्याला ‘तू बाबा छान मेन्टेन केलंयस’ म्हणतात, त्या सडपातळ माणसाचीही साखर तपासायला हवी. टोमणे मारणारे डोळे त्याला बिनघोर सोडून देतात.

मग वजन उतरवायचं ते कशाच्या बळावर? माझ्या मते, स्वतःची किंमत आधी धरूनच. हे ऐकायला गुळमुळीत वाटतं, म्हणून स्वयंपाकघरात येऊन बघू. रात्रीचे दहा वाजलेत. ओट्यापाशी उभी असलेली बाई पातेल्याच्या तळाचा भात, मुलाने अर्धवट टाकलेली पोळी, वाटीभर उरलेली उसळ ‘टाकायची कशाला’ म्हणून संपवते आहे. हे जेवण तिच्या हिशेबात नसतं, कारण ते ताटात वाढलेलं नसतं. तिला ‘तोंडावर ताबा ठेव’ म्हणून काय साधणार? ती हावरी नाही. घरातल्या उरल्यासुरल्याची मानकरी तिला सगळ्यांनी मिळून केलंय. तिने सगळ्यांबरोबर बसून, स्वतःसाठी ताट वाढून घेऊन, त्यात भाजी आणि आमटी आधी घेऊन जेवायचं ठरवलं, तर तो स्वाभिमान आणि आहारनियमन दोन्ही एकदमच झालं. उरलेलं फ्रिजमध्ये जाऊ दे, नाहीतर दुसरं कोणीतरी संपवू दे.

तसंच ‘बारीक झाल्यावर’ या खात्यात टाकलेल्या गोष्टींचं. पैठणी कपाटात, कारण ब्लाउज बारीक झाल्यावर शिवायचा. पोहायचं बारीक झाल्यावर, फोटो काढायचा तोही बारीक झाल्यावर. म्हणजे ज्या पोहण्याने अंग हलकं व्हायचं, तेच लांबणीवर. शिंप्याकडे जावं आणि आजच्या मापाने ब्लाउज शिवून घ्यावा. तो आत माया ठेवतोच. पुढे सैल झाला तर दोन टिपा मारून देईल.

आणि आत्मविश्वास काट्याला बांधू नये, याला व्यवहारी कारणही आहे. काटा लहरी आहे. खारट जेवण, पाळीचे दिवस, जागरण, एवढ्याने तो किलो-दीड किलो इकडेतिकडे होतो. चेन्नईतल्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाचा 2006 सालचा अभ्यास यापुढचं सांगतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी चालणं आणि आहार सुधारला, तेव्हा मधुमेह होण्याचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं, वजन मात्र फारसं हललं नव्हतं. ही माणसं रोज काट्यावर उभी राहून स्वतःला नापास करत बसली असती, तर महिन्याभरात चालणं सोडून मोकळी झाली असती. भरवसा ठेवायचा तो चाललो यावर, झोपलो यावर, बसून जेवलो यावर.

हल्ली समोरच्या बाजूनेही एक पक्ष उभा राहिलाय. ‘स्वतःवर खरं प्रेम असेल तर वजन कमी करायचंच कशाला? ती तर समाजापुढे शरणागती.’ जाड माणसाला नोकरी, खुर्ची आणि डॉक्टरचं नीट लक्ष मिळालं पाहिजे, या त्यांच्या मागणीशी माझं भांडण नाही. ती आधीच पूर्ण व्हायला हवी होती. पण बीएमआय 23 च्या वर गेला की भारतीयांना मधुमेहाचा धोका वाढू लागतो, तो समाजाच्या नजरेला विचारून वाढत नाही. दादरच्या पुलावर गर्दीतून जिना चढणाऱ्या बाईच्या गुडघ्यांना सौंदर्याच्या कल्पनांशी देणंघेणं नाही. गुडघेदुखीच्या वयस्कर रुग्णांवर केलेल्या मोजमापांत दिसलं, की वजन एका किलोने घटलं तर दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. दोन-तीन किलो उतरले तरी आरशात फारसा फरक दिसणार नाही आणि पंगतीतल्या काकूंना तर तो कळणारच नाही. जिना चढताना मात्र तिला कळेल.