‘नीट’ हुकली म्हणून नर्सिंग?

मा. संपादक,

‘नीट हुकलेल्यांसाठी सोप्या वाटा’ दाखवणाऱ्या आपल्या लेखात फिजिओथेरपीला प्रवेश परीक्षा लागत नाही, असे म्हटले आहे. ते चूक आहे. महाराष्ट्रात फिजिओथेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचे पदवी प्रवेश ‘नीट’च्या गुणांवरच होतात, आयुर्वेद, होमिओपॅथीचेही. बीएस्सी नर्सिंग आणि बी. फार्मसीच्या सीईटी वेगळ्या. जूनमध्ये हे कळणाऱ्या मुलाचे वर्ष वाया जाते.

नर्सिंगला लेखकाने ‘दुय्यम पर्याय’ म्हटले, ते मला अजिबात मान्य नाही. अतिदक्षता विभागात रात्री तीन वाजता रुग्णाचा रक्तदाब घसरतो, तेव्हा ते आधी परिचारिकेच्या लक्षात येते. चार वर्षांची पदवी त्यासाठीच असते.

‘सहा महिन्यांत टेक्निशियन’ या जाहिरातींबद्दल मात्र लेखात अवाक्षर नाही. टेक्निशियनसारख्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी 2021 मध्ये केंद्राने स्वतंत्र कायदा केला. शिक्षणाचा दर्जा आणि व्यावसायिकांची नोंदणी हाच त्याचा गाभा. फी भरण्याआधी पालकांनी एवढेच विचारावे : अभ्यासक्रम कोणत्या विद्यापीठाचा वा मंडळाचा, आणि नोंदणी कोणत्या परिषदेकडे होणार? उत्तर लेखी घ्यावे.

पुढच्या अंकात प्रवेशाची दुरुस्ती ठळकपणे छापावी.

– एक निवृत्त परिसेविका, मिरज