वाळवंट रिकामे नसते

वाळवंटाचे चित्र काढा म्हटले, की वर्गातली बहुतेक मुले तीन गोष्टी काढतात: वाळूच्या टेकड्या, एक उंट आणि डोक्यावर सूर्य. मोठ्यांच्या मनातले चित्रही फारसे वेगळे नसते. म्हणून हिवाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुलाबाळांसह जैसलमेरला गेलो, तेव्हा सगळ्यांना घाई होती ती सम गावच्या वाळूची.

वाळू पाहिली, उंटावर बसलो. पण खरे थर त्याच्या पलीकडे होते. जैसलमेर आणि बाडमेर जिल्ह्यांत 3,162 चौरस किलोमीटरवर राष्ट्रीय मरू उद्यान पसरले आहे. त्यात वाळूच्या टेकड्या जेमतेम एक पंचमांश. बाकी खडकाळ पठार, मुरमाड जमीन आणि सेवण गवताचे माळ. जैसलमेरजवळ आकल येथे तर दगड झालेली झाडांची खोडे उघड्यावर पडलेली आहेत. त्यांचे वय सुमारे 18 कोटी वर्षे. आज जिथे सावली शोधावी लागते, तिथे एके काळी जंगल होते!

या माळावर चिंकारा चरतो. झाडपाल्यातल्या ओलाव्यावर तो दिवसच्या दिवस काढतो. वाळवंटी कोल्हा बिळात राहतो, सांडा नावाचा काटेरी शेपटीचा सरडा दुपारी ऊन खातो. खेजडीची मुळे खोल जाऊन पाणी शोधतात, आणि तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी घरोघर होते. फलोदीजवळच्या खीचन गावात हिवाळ्यात हजारो कांड्या करकोचे उतरतात. थेट मंगोलिया आणि मध्य आशियाकडून आलेल्या या पाहुण्यांना गावकरी रोज धान्य घालतात.

या सगळ्यांत ज्याच्यासाठी जीव तुटतो तो पक्षी म्हणजे माळढोक. तिकडे त्याला गोडावण म्हणतात. तो राजस्थानचा राज्यपक्षी. नराचे वजन 15 किलोपर्यंत भरते. मादी बहुधा वर्षाला एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. देशात आता हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले असावेत, आणि त्यांतले बहुतेक जैसलमेरकडे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्याने समोरची वीजतार त्याला वेळेवर दिसत नाही आणि जड शरीर पटकन वळत नाही. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने या भागातल्या तारा जमिनीखाली घ्यायला सांगितले. 2024 मध्ये तो आदेश बदलून काम तज्ज्ञ समितीकडे दिले, कारण सूर्यापासून मिळणारी वीजही देशाला हवी आहे.

एका ओरणाच्या कडेला बकऱ्या चारणारे वृद्ध चाचा भेटले. ओरण म्हणजे गावाने देवाच्या नावाने राखलेले रान. तिथे कुऱ्हाड चालत नाही. चाचा मुसलमान, ओरण हिंदू देवाचे. पण पिढ्यान्‌पिढ्या दोघांचीही गुरे तिथेच चरत आली आहेत. चाचा म्हणाले, "कागज में इसे बंजर लिखते हैं. बंजर होता तो मेरी बकरियाँ क्या खातीं?"

या प्रश्नाचे उत्तर आपल्यालाही द्यावे लागेल. माळढोक आपल्याकडेही होता. त्याच्यासाठी 1979 साली सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झाले. आज तिथे तो दिसला तर बातमी होते. ज्याच्या नावातच माळ आहे, त्याचा माळ आपण 'पडीक' म्हणून नांगरला, तोडला, वाटून घेतला. विजेची गरज खोटी नाही, शेतीचीही नाही. पण एखादी जमीन मोकळी दिसते म्हणून ती कोणाचीच नाही, असे धरून चालले की आधी पक्षी जातो आणि मागोमाग मेंढपाळ.

जैसलमेरला जाणार असाल तर अर्धा दिवस उद्यानातल्या सुदासरीच्या माळासाठी ठेवा. पहाटे जा, मुलांना गप्प बसायला सांगा आणि गवताकडे पाहत राहा. जाणे जमणार नसेल तर आपल्या गावच्या गायरानात एक फेरी मारा. तिथे काय उगवते, कोण चरते, कोण घरटे करते, हे मुलांना वहीत लिहू द्या. ते पान कोरे राहणार नाही.