तालिकेत हरवलेल्या चित्रफिती

मालवणच्या किंवा कुडाळच्या महाविद्यालयातील एखाद्या विद्यार्थ्याने विद्यापीठ ग्रंथालयाच्या संगणकीय तालिकेत ‘श्यामची आई’ ही अक्षरे घातली, तर त्याच्यापुढे साने गुरुजींच्या पुस्तकाच्या आवृत्त्यांची रांग उभी राहावी, यात नवल नाही. आचार्य अत्रे यांचा १९५३ सालचा, राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळविणारा चित्रपट आणि त्याच नावाचा २०२३ सालचा दुसरा चित्रपट त्या रांगेत असलेच, तर कोठेतरी मागे असावयाचे. विद्यार्थी पहिले पान पाहतो, चित्रपट ग्रंथालयात नाही असा समज करून घेतो आणि उठून जातो. मुंबईच्या विद्यार्थ्याला निदान ग्रंथपालाच्या टेबलाशी जाऊन विचारता येते. सिंधुदुर्गातील महाविद्यालये संलग्न आहेत ती मुंबई विद्यापीठाशी, आणि मुंबई मालवणपासून सुमारे ५०० किलोमीटरवर आहे. एवढ्या अंतरावरच्या वाचकाला तालिका जे दाखवील तेवढेच ग्रंथालय, असे मानून चालावे लागते.

पुस्तकाचा शोध सोपा असतो, कारण पुस्तकाला बहुधा एक लेखक असतो. चित्रपटाचे तसे नाही. दिग्दर्शक, निर्माता, पटकथाकार, छायालेखक, नट अशा अनेकांची ती संयुक्त निर्मिती. म्हणून तालिकाशास्त्राच्या नियमांनी चित्रपटाची मुख्य नोंद व्यक्तीच्या नावाखाली न करता शीर्षकाखाली करण्याचा प्रघात पाडला. लेखकाच्या नावाने शोधण्याची सवय जडलेला वाचक येथे प्रथम अडखळतो. दुसरी अडचण नियम बदलल्यामुळे आली. १९७८ च्या अँग्लो-अमेरिकन नियमावलीप्रमाणे शीर्षकापुढे चौकटी कंसात ‘मोशन पिक्चर’ किंवा ‘व्हिडिओरेकॉर्डिंग’ असा प्रकारनिर्देश करीत. २०१० मध्ये आलेल्या आरडीए या नव्या नियमावलीने तो काढून टाकला आणि आशय, माध्यम व वाहक अशा वेगळ्या रकान्यांत ती माहिती विभागली. परिणामी ‘व्हिडिओरेकॉर्डिंग’ हा शब्द घालून शोधणाऱ्याला जुन्या नोंदी सापडतात आणि नव्या निसटतात. यावर उपाय एवढाच, की प्रगत शोधाच्या पानावर साहित्यप्रकार आधी निवडावा आणि नाव मागाहून घालावे. पदव्युत्तर वर्गातही ही साधी गोष्ट क्वचितच शिकविली जाते.

मराठी नावांच्या बाबतीत लिपीचा घोळ निराळाच. रोमन लिपीत नोंदलेल्या तालिकेत ‘वस्त्रहरण’ कोणी ‘व्ही’ने लिहितो, कोणी ‘डब्ल्यू’ने; मालवणचेही तेच. गंगाराम गवाणकरांच्या या नाटकाने १९८० पासून मालवणी बोली मच्छिंद्र कांबळी यांच्या मुखाने महाराष्ट्रभर नेली. पण त्याच्या चित्रफितीपर्यंत पोहोचणे एका रोमन अक्षरावर अवलंबून राहावे, ही विटंबनाच म्हटली पाहिजे. मणी कौल यांचा १९७७ चा ‘चित्रकथी’ हा लघुपट शोधू जावे, तर एका अक्षराच्या फरकाने मुलांच्या चित्रकथा हाती येण्याचा संभव. कुडाळशेजारच्या पिंगुळीत ही कला ठाकर समाजाने जपली आणि तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली ‘पद्मश्री’ जाहीर झाली. त्याच तालुक्यातल्या मुलाला ‘चित्रकथी’ शोधताना वर्णमालेशी झगडावे लागावे काय?

तथापि खरा प्रश्न दशावताराचा आहे. दशावतारी नाटकाला लिखित संहिता नसते. आडदशावतारात गणपती, सरस्वती, संकासुर येऊन गेले, की आख्यान उभे राहते. पुराणातले कथानक ठरलेले असले तरी संवाद नट रंगमंचावरच रचतो. वालावलकर, मोचेमाडकर, आरोलकर, पार्सेकर अशा मंडळ्यांच्या नटांनी अशा किती रात्री उभ्या केल्या असतील, याची गणती नाही. या कलेच्या अभ्यासकाला पुस्तक नाही. प्रयोगाचे चित्रमुद्रण हाच त्याचा मूळ ग्रंथ. हौशी रसिकांनी, प्राध्यापकांनी, संशोधकांनी गेल्या चार दशकांत अशी मुद्रणे केलेली आहेत. पण ज्या फितीवर केवळ ‘दशावतार, भाग २’ एवढेच लिहिलेले असते, तिची तालिकेत नोंद कशी होणार? झालीच, तर ती विष्णूच्या अवतारांवरील पुस्तके, कमल हासन यांचा २००८ चा तमिळ चित्रपट आणि २०२५ चा दिलीप प्रभावळकरांचा मराठी ‘दशावतार’ यांच्या गर्दीत बुडून जाणार. मंडळीचे नाव, आख्यान, गाव, जत्रेची तारीख, नट आणि वादक ही माहिती नोंदीत असेल, तरच त्या फितीला अभ्यासाच्या दृष्टीने काही मोल.

आधी फिती वाचवू, नोंदीचे मागाहून पाहू, असे पुष्कळ सुबुद्ध लोक म्हणतात. त्यांची काळजी रास्त आहे. चुंबकीय फीत झिजते, आणि व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन २०१६ मध्ये थांबले. परंतु नोंद आणि जतन ही कामे एकमेकांपासून तोडता येत नाहीत. अमेरिकेत १९१२ पूर्वी चित्रपटाला स्वतंत्र स्वामित्वहक्क नव्हता. म्हणून निर्माते चित्रपटाची चौकट न् चौकट कागदावर छापून छायाचित्रे म्हणून नोंदवीत. मूळ ज्वालाग्राही फिती नष्ट झाल्या. पण नोंदणीपायी जमा झालेल्या त्या कागदांवरून सुमारे ३,००० प्रारंभीचे चित्रपट पुढे पुन्हा पडद्यावर आणता आले. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने प्रकाशकांना ठरावीक ग्रंथालयांत पुस्तकाची प्रत द्यावी लागते. चित्रपट त्या कायद्यात नाहीत. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झाले, तेथील पी. के. नायर यांनी दारोदार फिरून चित्रपट मिळविले, तरी गावोगावच्या प्रयोगांच्या फिती गोळा करणे हे त्या संस्थेचे काम नव्हे. ते विद्यापीठाचे आणि स्थानिक महाविद्यालयांचे आहे.

त्यासाठी भव्य इमारतीची आवश्यकता नाही. जिल्ह्यातील महाविद्यालयांनी आपापल्या कपाटांतील फितींची एक संघतालिका करावी, देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत, आणि विद्यापीठाने ती आपल्या तालिकेस जोडून घ्यावी. अपुऱ्या सेवकवर्गाची ग्रंथपालांची तक्रार खोटी नाही. मात्र मराठी विभागातल्या विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम देता येईल, आणि नेहमीच्या कित्येक प्रकल्पांपेक्षा ते अधिक उपयोगी पडेल.

घाई आहे ती एवढ्याचसाठी, की बिननावाच्या जुन्या फितीत संकासुर कोणी केला आणि पखवाजावर कोण होता, हे सांगणारी माणसे आता थकली आहेत. कार्तिकात जत्रा सुरू झाल्या, की मंडळ्या पुन्हा गावोगाव फिरू लागतील. नाटक रात्री असते. दुपारी मुक्कामावर नट मंडळी मोकळी असतात. एखादा प्राध्यापक ती चित्रफीत आणि कोरी वही घेऊन तेथे गेला, तर चहा होईपर्यंत पाच-सात नावे तरी वहीत उतरतील.