कॅज्युअल्टीतली तीन वर्षे

आमच्या एका माजी विद्यार्थिनीने एमबीबीएस आणि इंटर्नशिपनंतर नीट-पीजी दिली आणि एमडीसाठी इमर्जन्सी मेडिसिन घेतले. घरी फारसा आनंद झाला नाही. तिचे अब्बा शाळेत येऊन आमच्यासमोर बसले. "सर, बायकांच्या आजारांचं घेतलं असतं तर मोहल्ल्यात दवाखाना चालला असता. ही रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत बसणार. त्यात तीन वर्षं शिकायचं काय असतं?"

खरे सांगायचे तर उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. कॅज्युअल्टीत पट्टी बांधतात आणि वॉर्डात पाठवतात, एवढीच आमची समजूत. आपल्या देशात हा स्वतंत्र विषय म्हणून मान्य झाला तोच २००९ साली.

उत्तर मिळाले ते गेल्या वर्षी. आमच्या अम्मी अंगणात घसरल्या, मनगट मोडले. रुग्णालयात दीड तास बसून राहिलो. आमच्यानंतर एक गृहस्थ आपल्या पायांनी चालत आले. ना रक्त, ना जखम, नुसते घामाघूम. त्यांना लगेच आत घेतले. आम्ही तिथल्या तरुण डॉक्टरवर आवाज चढवला. रात्री या मुलीला फोनवर तक्रार सांगितली. ती तेव्हा तिसऱ्या वर्षाला होती. म्हणाली, "सर, छातीत दुखणाऱ्याचा ईसीजी दहा मिनिटांच्या आत व्हायला हवा. आम्हाला पहिल्या वर्षी हेच शिकवतात."

मग आम्ही तिच्याकडून सगळेच समजून घेतले.

पहिल्या वर्षी नजर एकाच रुग्णावर असते. श्वासाचा मार्ग मोकळा आहे का, श्वास नीट चालतो का, रक्ताभिसरण ठीक आहे का. दर वेळी याच क्रमाने. पाय मोडून लोंबत असला तरी आधी श्वास. शिरेत सुई, टाके, ईसीजी वाचणे, नोंदींचे ढीग, आणि प्रत्येक निर्णयापूर्वी सीनियरला विचारणे. आलेल्यांची लाल, पिवळा, हिरवा अशी वर्गवारी करायलाही इथेच शिकतात. आमच्या अम्मी हिरव्यात होत्या. हिरवा म्हणजे दुखणे खोटे असे नाही, पण थांबता येण्यासारखे.

पुढे हे विद्यार्थी इतर विभागांत पाहुण्यासारखे फिरतात. भूल देणाऱ्यांकडे श्वासनलिकेत नळी घालण्याचा हात बसवायचा, आयसीयूत व्हेंटिलेटर समजून घ्यायचा, शिवाय बालरोग, प्रसूती, अस्थिरोग. अपघातात पोटात रक्तस्राव झाला आहे का, हे खाटेपाशीच सोनोग्राफीने पाहायचे. दीड-दोन वर्षांच्या सुमारास तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. सोबत प्रबंध असतोच. अब्बांना मात्र सगळ्यात पटली ती एक गोष्ट, दरमहा विद्यावेतन मिळते.

तिसऱ्या वर्षी काम बदलते. आता ती एका खाटेपाशी नसते, हॉलच्या मध्ये उभी असते. कोणाला कोण पाहतो आहे, कोणती खाट रिकामी होणार, कोणत्या ज्युनिअरचा हात अडखळतो आहे, हे सगळे तिने पाहायचे. बाहेर जाऊन घरच्यांना इंतकालची खबर सांगणेही तिच्याकडे. ती म्हणाली, नळी घालायला काही महिन्यांत आले. बाहेर जाऊन सांगायला अजून येत नाही.

या विद्यार्थ्यांना रेसिडेन्ट, म्हणजे निवासी डॉक्टर म्हणतात. उर्दूत म्हणू मुकीम. आम्ही उर्दू शिकवतो म्हणून शब्दात रमतो, पण मुलगी खरोखरच घरापेक्षा तिथेच जास्त राहते. रमजानमध्ये कितीदा तिचा इफ्तार कोटाच्या खिशातल्या खजुरावर झाला. अब्बांना रात्रपाळीची चिंता होती. आम्ही त्यांना खंदकच्या लढाईची आठवण दिली. जखमी साद बिन मुआज (रजि.) यांच्यासाठी मस्जिदे नबवीच्या आवारात तंबू लागला होता, आणि तिथे शुश्रूषा करणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) होत्या. ते बराच वेळ गप्प बसले.

फोन ठेवण्याआधी आम्ही विचारले, आमच्यासारख्यांनी काय करावे? ती म्हणाली, "चालू असलेल्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत आणा. आणि त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा. लकव्यात मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आम्ही वेळ विचारतो आणि लोक म्हणतात, सकाळपासून."

अम्मींच्या गोळ्यांची यादी आता फ्रीजवर चिकटवली आहे.