चिरा की झाड?

हिरकणीवाडीहून पाळण्यात बसून रायगडावर जाणाऱ्या मंडळींनी जगदीश्वराजवळच्या समाधीपाशी क्षणभर उभे राहून स्वतःस एक प्रश्न विचारावा: नुसत्या पाषाणाने स्मृती टिकते काय?

१६८० साली महाराजांचे देहावसान याच गडावर झाले. समाधी दगडाचीच होती. तरी १८८३ साली जेम्स डग्लस नामक इंग्रज गृहस्थ गडावर आला, तेव्हा त्यास तेथे रान व उपेक्षा यांखेरीज काही आढळले नाही. त्याने बोभाटा केल्यावर सरकारने देखभालीस वर्षाचे ५ रुपये मंजूर केले! १८९५ साली टिळकांनी निधीची चळवळ हाती घेतली, तेव्हा कोठे आमचे डोळे उघडले. चिरा जागच्या जागीच होता. गैरहजर होतो ते आम्ही.

हे उगाळण्याचे कारण असे. इंग्लंडातील कार्लाइल शहराच्या दफनभूमीत १९९३ पासून थडग्यावर दगडाऐवजी झाड लावण्याची सोय आहे, आणि तेथील चर्चनेही पुढे ही पद्धत आपलीशी केली. आमच्याकडे हा विषय काढताच कोणी तरी नाक मुरडून म्हणतो, 'हे ख्रिस्त्यांचे खूळ!' खूळ कसले? गोसावी व लिंगायत मृतांस भूमीच देतात. आळंदीस ज्ञानोबांच्या समाधीशी अजानवृक्ष आहे. आणि ज्या रानावर कुऱ्हाड चालवावयाची नाही अशा देवराया कोकणानेच राखल्या ना? मृतांचा आदर आणि झाडांचा आदर ही दोन्ही आमचीच आहेत; त्यांची गाठ तेवढी घालावयाची आहे.

दहन सोडा, असे आमचे म्हणणे नाही. सारी रक्षा सावित्रीच्या पात्रात न सोडता तिची एक मूठ गावच्या माळावर पुरावी व वर आंबा, हिरडा किंवा वड लावावा, इतकेच.

'झाड वठेल, दगड राहील,' हा आक्षेप उरतो. पण दगड राहून काय झाले, हे रायगडाने दाखविले आहे. दगड एकदा बसविला की पुत्र मोकळा होतो. झाड त्यास मोकळे करीत नाही. ते दर उन्हाळ्यात पाणी मागते, गुरांपासून राखण मागते. ही मागणी म्हणजेच स्मरण. वडिलांच्या नावाच्या रोपास तीन उन्हाळे पाणी घालणे ज्याच्याने होत नाही, त्याने त्यांच्या नावाची संगमरवरी पाटी बसविण्याचा खर्च तरी कशास करावा?