पाण्यावरची नव्हे, काठाची पायवाट



ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात खारफुटीतून लाकडी पायवाट आहे, तशीच निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर बांधावी, ही एका वाचकाची सूचना वाचली. गुडघे दुखणाऱ्यांनाही पक्षी जवळून पाहता यावेत, ही त्यांची तळमळ मला मनापासून पटते. जागा मात्र पटत नाही.

ऐरोलीच्या खाडीत दोन्ही बाजूंनी खारफुटीची झाडी असते, माणूस तिच्याआड चालतो. आपल्याकडे गोदावरी-कादवा संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे गाळ साचून उथळ, उघडे पाणी झाले आहे. हिवाळ्यात शेकाट्या घोटाभर पाण्यात चिखल टोचत फिरतो, थापट्या रुंद चोचीने पाणी गाळत पुढे सरकतो. अगदी तिथूनच माणसांची रांग चालू लागली, तर ते उठून जाणार. एकदा नव्हे, दिवसभर. शिवाय बंधाऱ्यातल्या पाण्याची पातळी सारखी बदलते, आणि पावसाळ्यात गोदेचा पूर काय करतो ते निफाडकरांना सांगायला नको.

हे काही साधे तळे नाही. 1986 पासून अभयारण्य, आणि महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ. तेव्हा पायवाट जरूर व्हावी, पण चापडगावच्या बाजूने, काठावर. सपाट, चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंद, पाण्याच्या अंगाला बांबूचा आडोसा, त्यात मोठ्यांच्या आणि मुलांच्या उंचीवर झरोके. पक्षी निरीक्षण मनोऱ्याच्या पायऱ्या ज्यांना चढवत नाहीत, त्यांच्यासाठी वनविभागाने हे काम आधी हाती घ्यावे.

— एक वाचक, नाशिक